चि. मनूस

मे २०२१

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आपटलास म्हणून लिहितेय. रागावलेली नाही. एवढंच विचारत होते, त्या तक्रारीच्या पत्रावर तुझ्याखेरीज आणखी कोणाची सही आहे का? रात्री वॉर्डातल्या ऑक्सिजनचा दाब पडतो, हे सगळ्या रेसिडेंट्सना दिसतंय म्हणालीस. मग कारणे दाखवा नोटीस एकटीलाच कशी?

आमच्याकडे तक्रारीचा कागद आला की साहेब आधी खालची सही बघायचे. एकच असली तर अर्जदाराची फाईल मागवायचे, पाच असल्या तर तक्रारीची. म्हणून विचारतेय गं.

परवा विशाखापट्टणमचे डॉ. सुधाकर गेले. गेल्या वर्षी एन-९५ मास्क नाहीत असं उघड बोलले, तर निलंबित झाले. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी भर रस्त्यात हात मागे बांधले आणि मनोरुग्णालयात नेलं. तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला होता. वूहानच्या डॉ. ली वेनलियांगने तर नुसतं वर्गमित्रांच्या ग्रुपवर या नव्या आजाराबद्दल सावध केलं होतं. ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी त्याच्याकडून समजपत्रावर सही घेतली. एकट्याची. ७ फेब्रुवारीला तो कोविडने गेला, ३३ वर्षांचा. मार्चमध्ये समज मागे, एप्रिलमध्ये हुतात्मा! आमच्याकडे पेन्शनही इतकी लवकर मंजूर होत नाही. आणि आपल्याकडे? गैरकारभार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण लागू करायची अधिसूचना अजून निघालेली नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नकोस. तोंडी काही बोलू नकोस. पोच घे, शिक्क्यासकट. पेपरवाल्यांचे फोन...

सुरू झाले बघ परत. नव्हतं लिहायचं हे.

चौथीत शाळेच्या टाकीत मेलेला पारवा दिसला, तेव्हा मोठ्या बाईंना सांगून तू थांबली नाहीस. नळापाशी उभी राहून एकेकाला हटकत होतीस. टाकी धुतली गेली आणि गॅदरिंगच्या नाचातून तुझं नाव कापलं. बाबा अजून पाहुण्यांना रंगवून सांगतात. मी तेवढ्यात चहा टाकायला आत जाते. त्या नाचाचा शिवलेला परकर अजून पेटीत आहे.

तो सोलापूरचा मुलगा, तुझ्याबरोबर नाईट करतो तो, तो देईल का सही? विचारून तर बघ. नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नकोस, त्याच्या घरी कर्ज आहे.

उत्तर मुदतीत जायला हवं. मसुदा आधी मला पाठव. असल्या नोटिशींची उत्तरं आयुष्यभर मीच फाईलला लावलीत, कुठली टिकतात ते मला माहीत आहे.

तुझी,
आई