कोमाचा एकच आकडा

प्रिय सुध्या,

इतके दिवस गप्प बसलो, शिव्या घाल. पण आधी वाच. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

इथे एका पोराने कोमा समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांचा आलेख काढला. घंटाकृती दिसला, सिग्मा (सरासरीभोवती वेग किती विखुरलेत त्याचं माप) सेकंदाला 1000 किमीच्या आसपास आला, आणि त्याने लिहून टाकलं, ‘समूह स्थिरावलेला आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या! हे तुला नाही तर कुणाला सांगू?

अरे, मध्यभागी एका घरात दोन कारभारणी बसल्यात. एनजीसी 4874 या दीर्घिकेचा वेग सेकंदाला 7200 किमीच्या आसपास, एनजीसी 4889 चा 6500 च्या. आकाशात दोघींत जेमतेम सात कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर, वेगात मात्र 700 चा फरक. स्थिरावलेल्या समूहात थोरली दीर्घिका सरासरी वेगाने गुरुत्वाच्या खड्ड्याच्या तळाशी बसलेली हवी. इथली सरासरी 6900 च्या जरा वर, म्हणजे दोघींपैकी एकीचीही नाही. नैर्ऋत्येला एनजीसी 4839 चा गोतावळा निराळाच, क्ष-किरणांत त्याचा वायूही वेगळा दिसतो. सर्पिल दीर्घिकांचा सिग्मा लंबगोलांपेक्षा मोठा, कारण त्यातल्या बऱ्याच अजून बाहेरून आत पडतायत. हे सगळं एका घंटेखाली झाकलं जातं. वस्तुमान सिग्माच्या घनाने वाढतं. सिग्मा 20 टक्के फुगला की वस्तुमान 73 टक्के जास्त.

वेग काढताना (1 + सरासरी ताम्रसृती) ने भागलं होतं, एवढं बरं. (ताम्रसृती म्हणजे दूर जाण्यामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्याचं माप.) कोमात हा भागाकार राहिला तर 2.3 टक्क्यांचीच चूक, पण ताम्रसृती 0.4 असेल तर 40 टक्के!

समूहात लपलेले उपगट हुडकणारी ड्रेसलर-शेक्टमन चाचणी मात्र केलीच नव्हती. प्रत्येक दीर्घिकेचे जवळचे 10 शेजारी घ्यायचे, त्यांची सरासरी आणि सिग्मा पूर्ण समूहाशी ताडायचे, फरकांची बेरीज करायची. मग जागा तशाच ठेवून वेग हजारदा पिसायचे आणि खऱ्या बेरजेइतकी बेरीज कितीदा येते ते मोजायचं. दोन गटांची टक्कर दृष्टिरेषेला काटकोनात असेल तर हीसुद्धा आंधळी, तिथे क्ष-किरणच हवेत. शिवाय स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या यादीत दीर्घिकांचा प्रकाश टिपणारे तंतू एका प्लेटवर 55 विकलांहून (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जवळ बसत नसत, म्हणून नेमक्या गर्दीच्या गाभ्यातल्याच दीर्घिका गळल्या.

आता तू म्हणणार, सरासरीपासून तीन सिग्मांहून लांबचे वेग काप. नाही कापणार! केंद्रापासून लांब जाल तशी समूहात टिकणारी वेगमर्यादा घटते. सगळीकडे एकच कात्री चालवलीस तर गाभ्यातले घरचे कापले जातात आणि काठावरचे परके राहतात. 1933 मध्ये खगोलशास्त्रज्ञ झ्विकीकडे कोमातले आठच वेग होते. 5100 वाली परकी असू शकेल हे त्याने लिहिलं, पण यादीत ठेवली. तू काढली असतीस.

समूहात दिसतो त्याच्या 400 पट पदार्थ आहे, या त्याच्या हिशोबाचं भांडण उकरत नाही. (उकरतोच. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, त्याने 558 धरला. आज 70 च्या आसपास. म्हणजे आठपट फुगवटा तिथलाच. पन्नासेक पट तरी उरते, तेवढं तुझं.)

वहिनींची बदली झाली का? चिनूला कॉलेज कुठलं मिळालं? पुढच्या वेळी नीट विचारीन.

तुझा वेग पिसायचा कोड पाठव, शेजारी एकूण संख्येच्या वर्गमुळाइतके घेणारा. कोमाच्या एवढ्या मोठ्या यादीत 10 शेजारी म्हणजे नुसता गोंगाट येतो.

तुझा,
बंड्या