नंदू, आधी समन्सला उत्तर, मग तडजोड

प्लेनो, टेक्सस

प्रिय नंदू,

तुझा मेसेज वाचून लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. हल्ली फोन वाजला की तुला काय होत असेल ते कळतं, त्यामुळे रागावलो नाही. पत्र लिहितोय. फोनवर तू नुसतं "हो हो, बघतो" म्हणशील, आणि यात बऱ्याच गोष्टी अशा आहेत की त्या समोर ठेवून पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतील.

समन्सचा फोटो पाहिला. तुझं क्रेडिट कार्डाचं थकलेलं कर्ज विकत घेतलेल्या कंपनीनं एका लॉ फर्ममार्फत ९,८६० डॉलरचा दावा लावलाय. न्यू जर्सीतली मिडलसेक्स काउंटी, स्पेशल सिव्हिल पार्ट. म्हणजे वीस हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे जिथं चालतात ते कोर्ट. यात पोलीस नाहीत, अटक नाही, आणि कार्डाचे पैसे थकले म्हणून कुणाचा एच-वन व्हिसा रद्द होत नाही. अटकेची भीती घालणं तर वसुलीवाल्यांना कायद्यानंच मना आहे. तेव्हा "सगळं सोडून पुण्याला निघून जाऊ का" हा तुझा प्रश्न तूर्त बाजूला ठेव.

मंदीत माझी नोकरी गेली होती तेव्हा मी जर्सीतल्याच एका वसुलीवाल्या लॉ फर्मच्या आयटीत होतो, हे तुला ठाऊक आहे. तिथं नेमकं काय चालायचं ते मात्र कधी बोललो नाही. पाट्या टाकायचं काम होतं, अभिमानानं सांगण्यासारखं काही नव्हतं. आता ते तुझ्या उपयोगी पडेल.

व्हायचं असं. कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीकडून एक मोठी फाइल यायची. एका ओळीत एक माणूस: नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे चार आकडे, थकलेली रक्कम, शेवटचा हप्ता कधी भरला ती तारीख. ती फाइल आमच्या सिस्टीमला घातली की पलीकडून दाव्यांचे मसुदे बाहेर पडायचे, सही करणाऱ्या वकिलाच्या स्क्रीनवर गठ्ठ्यानं जायचे, आणि तो क्लिक करत सुटायचा. तुझं कार्ड, तुझी गेलेली नोकरी, आईच्या ऑपरेशनला पाठवलेले पैसे यातलं त्या फाइलीत काहीही नसतं. मी अतिशयोक्ती करतोय असं वाटेल, म्हणून कोर्टात नोंद झालेली गोष्ट सांगतो. जर्सीतल्याच एका फर्मचं प्रकरण २०१४ साली फेडरल कोर्टापुढं होतं. त्यांच्या वकिलानं एक दावा दाखल करण्याआधी तो चार सेकंद पाहिला होता. त्या एका दिवसात त्यानं ६७३ दावे तपासले होते! पुढं २०१६ मध्ये ग्राहकांच्या आर्थिक हितासाठी असलेल्या फेडरल ब्युरोनं त्या फर्मला दहा लाख डॉलर दंड केला.

हा धंदा चालतो कशावर? समोरचा माणूस गप्प बसतो यावर. प्यू या संस्थेनं २०२० मध्ये देशात जिथली आकडेवारी मिळाली ती तपासली, तर वसुलीच्या दाव्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त दावे एकतर्फी निकाली निघाले होते. माणूस उत्तरच देत नाही. घाबरून, लाजेनं, किंवा पाकीट न उघडताच. आणि एकतर्फी निकाल हातात आला की त्या चार सेकंदांच्या कागदाला कोर्टाचा शिक्का बसतो. मग पगारातून कपात, बँकेचं खातं गोठवणं. आमच्या टेक्ससमध्ये कार्डाच्या कर्जासाठी पगाराला हात लावता येत नाही. जर्सीत येतो: उत्पन्न कमी असेल तर १० टक्के, जास्त असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. आणि जर्सीत असा निकाल वीस वर्षं जिवंत राहतो.

म्हणून तडजोडीचं बोलणं नंतर. आधी उत्तर दाखल कर. समन्स बजावल्यापासून ३५ दिवस असतात. फर्मला फोन केला, त्यांनी "विचार करतो" म्हटलं, म्हणून ती मुदत थांबत नाही. लोक नेमके इथं फसतात. बोलणी छान चालू असतात, पलीकडची बाई गोड बोलत असते, आणि छत्तिसाव्या दिवशी तिचीच फर्म एकतर्फी निकालाचा अर्ज टाकते. उत्तराचा फॉर्म न्यू जर्सी कोर्टाच्या साइटवर आहे, वकील नसलेल्यांना तो जेड्स नावाच्या पोर्टलवरून भरता येतो, थोडी फी आहे. ओकट्री रोडवरच्या देसी बाजारात जाऊन कुणा "ओळखीच्या" माणसाकडून भरून घेऊ नकोस, हात जोडतो.

उत्तरात खोटं लिहायचं नाही. कार्ड तुझं होतं, तू वापरलंस, ते नाकारू नकोस. पण हेही खरं आहे की या कंपनीचं नाव तू आयुष्यात ऐकलेलं नाहीस. बँकेनं हे खातं कुणाला विकलं, त्यानं पुढं कुणाला विकलं, हा ९,८६० चा आकडा कसा झाला, यातलं तुला काही माहीत नाही. तेवढंच लिही: माहिती नाही, वादीनं सिद्ध करावं. विकत घेतलेल्या कर्जाच्या दाव्यात मूळ बँकेपासून आजच्या मालकापर्यंतची साखळी त्यांनी कागदांनी दाखवायची असते, आणि त्यांच्याकडे पुष्कळदा ती अर्धवट असते. फेडरल ट्रेड कमिशननं २०१३ मध्ये या धंद्याचा अभ्यास केला होता. कर्जाच्या एका डॉलरमागं हे खरेदीदार सरासरी चार सेंट मोजत होते. चार सेंटच्या मालाबरोबर कागद किती येणार?

दावा लावण्याची मुदत उलटली, हा मुद्दा तुझ्या बाबतीत चालणार नाही. जर्सीत अशा कर्जावर सहा वर्षांत दावा लावता येतो, दुकानाच्या नावाच्या कार्डावर चार वर्षांत. तुझं थकून दोनच वर्षं झालीत. फक्त जुन्या कार्डाचं काही निघालं आणि कुणी म्हणालं "सदिच्छा म्हणून पन्नास डॉलर भरा", तर भरू नकोस. त्या पन्नास डॉलरनं मुदत नव्यानं सुरू होऊ शकते.

उत्तर दाखल झालं की फाइल त्या गठ्ठ्यातून बाहेर निघते. आमच्याकडे अशा खात्याचा कोडच बदलायचा. आता खराखुरा वकील तारखेला न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात पाठवावा लागणार, कागद मागवावे लागणार. फर्मला वसुलीतला ठरावीक टक्का मिळतो, तिथं घालवलेले तास त्याच टक्क्यातून जातात. तुझी बाजू कायद्यानं भक्कम आहे असं मी म्हणत नाही. तू त्यांना महाग पडायला लागतोस, एवढंच. भाव तिथून उतरायला लागतो.

आता बोलायचं कसं. फोनवर जो असतो तो बहुतेक वेळा वकील नसतोच, पगारी वसुलीवाला असतो. त्याच्या स्क्रीनवर क्लायंटनं, म्हणजे कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीनं, ठरवून दिलेला एक खालचा आकडा असतो, तिथपर्यंत तो स्वतःच्या अधिकारात येऊ शकतो. त्याखाली जायचं तर क्लायंटला विचारावं लागतं. तो आकडा तुला कधीच कळणार नाही. तो सुरुवात करेल ८५ टक्क्यांपासून, "फक्त शुक्रवारपर्यंत". शुक्रवार गेल्यावर सोमवारी तोच भाव असतो, किंवा कमी. महिनाअखेरीला त्यांना टार्गेट असतं, तेव्हा आवाज जरा मऊ होतो. तू एकरकमी देण्याच्या बोलीवर तीस टक्क्यांच्या आसपास सुरू कर. माझ्या अंदाजानं चाळीस ते पंचावन्नच्या मध्ये कुठं तरी थांबेल, पण ही माझी अटकळ आहे, वचन नव्हे. आणि रक्कम सांगितल्यावर गप्प बस. तुला ती सवय नाही, कॉलेजात तू रिक्षावाल्याशी घासाघीस करता करता स्वतःच भाव वाढवायचास.

तुझ्याकडे किती पैसे आहेत, कुठं आहेत, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येतं का, हे सांगायला तू बांधील नाहीस. निकाल लागल्यानंतर कोर्टामार्फत ते विचारू शकतात, त्याआधी नाही. खोटं सांगू नकोस, सांगूच नकोस. "मला एका जवळच्या माणसाकडून एवढी रक्कम उसनी मिळू शकते, त्याच्या वर नाही" हे पुरतं, आणि माझ्याकडून तू घेणारच असशील तर ते खरंही आहे.

फोन नको असेल तर सगळं ईमेलवर किंवा पत्रानं कर. वसुलीच्या फेडरल कायद्यातून वकील सुटत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगितलंय. सकाळी आठच्या आधी, रात्री नऊनंतर फोन नाही. एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त वेळा फोन केला तर ती छळवणूक धरली जाते. ऑफिसात फोन चालत नाही असं कळवलंस की तिथले फोन बंद झाले पाहिजेत.

आकडा जुळला की खरी काळजी तिथून सुरू होते. कागद हातात आल्याशिवाय एक सेंट द्यायचा नाही. कागदावर खात्याचे शेवटचे चार आकडे, दाव्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, आणि "एवढ्यात पूर्ण फेड" हे स्वच्छ हवं. दावा मागं घेणार तो "विथ प्रेज्युडिस" घेणार असं लिहून घे, म्हणजे त्याच कर्जावर पुन्हा दावा लावता येत नाही. हप्ते ठरले तर ते "कन्सेंट जजमेंट" पुढं सरकवतील. ते साधं तडजोडपत्र दिसतं, पण त्यात तू तुझ्याविरुद्धच्या निकालाला आपण होऊन संमती देतोस. एक हप्ता चुकला की पूर्ण रक्कम अंगावर. सही करू नकोस. जमेल तितकं एकरकमीच कर. पैसे कॅशियर्स चेकनं (बँक स्वतःच्या नावानं काढते तो) पाठव. तुझ्या पगाराच्या खात्याचा नंबर त्यांच्या हाती मुळीच पडू देऊ नकोस.

पण नंदू, तू लिहिलंयस की आणखी तीन कार्डं थकलीत. तेव्हा याच दाव्यात सगळी पुंजी ओतलीस तर पुढच्या तिघांना काय देणार? चारही आकडे एका कागदावर मांड. बेरीज तुझ्या वर्षाच्या पगाराच्या निम्म्याच्या पुढं जात असेल तर तडजोडीच्या भानगडीत पडण्याआधी दिवाळखोरीच्या वकिलाला एकदा भेट, पहिली भेट बरेच जण फुकट देतात. शब्द ऐकून दचकू नकोस. आणि ४०१-के मधून, म्हणजे निवृत्तीच्या बचतीतून, पैसे काढायचं जे म्हणतोयस ते अजिबात करू नकोस. कार्डवाल्यांना कोर्टातून निकाल मिळाला तरी तिथं हात घालता येत नाही. तू स्वतः काढून नेऊन द्यायचेस, वर दंड आणि कर भरायचास, हे कुठलं शहाणपण?

रेडिओवर देसी स्टेशनला "कर्ज निम्मं करून देतो" म्हणणाऱ्या जाहिराती लागतात, त्यांच्यापासूनही लांब राहा. तडजोड होण्याआधी फोनवर गाठलेल्या माणसाकडून फी घ्यायला त्यांना २०१० पासून बंदी आहे, तरी वाटा निघतात. शिवाय तारखेला कोर्टात ते येत नाहीत.

कराचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सहाशे डॉलर किंवा जास्त माफ झाले की १०९९-सी नावाचा फॉर्म येतो, आणि माफ झालेली रक्कम तुझं उत्पन्न धरली जाते. पाच हजार सुटले तर त्यावर कर. त्या वेळी तुझी देणी मालमत्तेहून जास्त असतील तर फॉर्म ९८२ भरून ते टाळता येतं. पण त्या हिशेबात ४०१-के धरावा लागतो आणि पुण्याचा फ्लॅटही. तेव्हा फार आशा ठेवू नकोस, करासाठी थोडे बाजूला काढ.

तू विचारलंस, अर्ध्यात मिटवणं म्हणजे बुडवणंच ना? तुझे बाबा वाण्याचे दहा रुपयेसुद्धा पहिल्या तारखेला देऊन यायचे, ते मला आठवतंय. मी एवढंच म्हणेन की बँकेनं हे कर्ज तोट्यात काढून केव्हाच विकलं. तू ज्याला पैसे देणार आहेस त्यानं तुला कधी काही उसनं दिलेलं नाही. मला यात पुण्य वाटत नाही आणि पापही वाटत नाही. बाबांच्या वाण्याचा हिशेब इथं लावू नकोस.

राहिलं वहिनींचं. तुमचं खातं जॉइंट आहे. निकाल लागून खातं गोठलं तर त्यांचा पगारही त्यातच अडकेल, मग सोडवून घ्यायला कोर्टात अर्ज करत बसा. तेव्हा त्यांना कळायचंच असेल तर तुझ्याकडून कळू दे, बँकेच्या मेसेजवरून नको. या शनिवारच्या आत सांग.

रविवारी सकाळी तुझ्या वेळेनं दहा वाजता मी फोन करतो, तो उचल. समोर समन्सचं पाकीट (टपालाच्या शिक्क्यासकट, फेकू नकोस), चारही कार्डांची शेवटची स्टेटमेंटं आणि उत्तराचा कोरा फॉर्म ठेव. दोघं मिळून भरू आणि त्याच दिवशी दाखल करू. उसने पैसे किती लागतील ते त्यानंतर बोलू. माझ्याकडे सध्या चार हजारापर्यंत सोय होईल, त्याची घाई नाही.

तुझा,
अव्या