कोमेजलेले रोप तहानलेलेच असते असे नाही

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

पाऊस स्थिरावला की नाशिकच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत मिरची, टोमॅटो, वांगी, झेंडू यांची रोपे येऊन बसतात, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांतली बरीचशी माना टाकतात. पंचवटीत कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर माझी बावीस वर्षे गेली. शेतकरी नमुना घेऊन येत, शहरातले हौशी बागकाम करणारे मात्र नुसतेच येऊन म्हणत, "रोप सुकतंय, काहीतरी औषध द्या." पाणी किती घालता असे विचारले की उत्तर ठरलेले असे: "सुकतंय म्हणून तर दोन्ही वेळा घालतोय." बहुतेक वेळा रोग त्या उत्तरातच सापडत असे.

मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती तपकिरी पडून कुजू लागतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी वर चढवता येत नसल्यामुळे झाड चिखलात उभे असूनही कोमेजते. वरून पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते, म्हणून तो आणखी एक तांब्या ओततो. त्यातून कुंडीचे खालचे छिद्र मातीने बुजलेले असेल, किंवा फरशीवर डाग पडू नयेत म्हणून खाली ठेवलेल्या बशीत पाणी तसेच साचून राहत असेल, तर रोप वाचण्याची आशा फारशी उरत नाही.

म्हणून पाण्याचा तांब्या हातात घेण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर पाणी देऊ नये. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा वापरणाऱ्यांनी बोटावरही विसंबू नये, कारण ते वरून कोरडे दिसते आणि आत ओलेगच्च असते, उलट एकदा पूर्ण वाळले की पाणी शोषून न घेता कडेने खाली सोडून देते. अशा वेळी कुंडी उचलून तिचे वजन पाहणे हाच खरा उपाय. रोपाकडे पाहायचे ते सकाळी सातला. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोन वाजता निरोगी टोमॅटोही पाने खाली सोडतो, कारण पाने जितके पाणी हवेत सोडतात तितके मुळांना त्या घटकेला पुरवता येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो आपोआप सावरतो. सकाळच्या गारव्यातही जे रोप मान टाकून उभे असते, तेच आजारी समजावे.

एवढे सांगणाऱ्या माझी स्वतःची फजितीही सांगायला हवी. यंदा आषाढात जुन्या घमेल्यात मी मिरचीचे बी दाट फेकले आणि घमेले पत्र्याच्या आडोशाला ठेवले. रोपे उगवून आल्यावर चार दिवस झिमझिम चालली, ऊन नाही, वारा नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तर मधोमध तळहाताएवढ्या जागेतली रोपे आडवी झालेली, पाने मात्र हिरवीगार. एक रोप चिमटीत धरले तेव्हा मातीलगतचे खोड पाण्यात भिजल्यासारखे मऊ आणि सुतासारखे बारीक झालेले दिसले. शेतकरी याला रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात, आणि ती पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरश्यांमुळे होते. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत ओल ही तिन्ही मी स्वतःच पुरवली होती. आडवे झालेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ती जागा भोवतालच्या मातीसकट काढून टाकली, पाणी तोडले, घमेले उजेडात आणले आणि उरलेल्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे ताम्रयुक्त बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ओतले, तेव्हा कडेची रोपे वाचली. रोगाच्या बुरशीला आवर घालण्यासाठी ट्रायकोडर्मा वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की ती स्वतःच एक बुरशी आहे, म्हणून बुरशीनाशक तिलाही मारते. ताम्रयुक्त औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांनी दोन्हींचे पैसे वाया घालवले.

टोमॅटो, वांगी, मिरची फुलावर येता येता, पाने पिवळी न पडताच दोन-तीन दिवसांत कोमेजली, तर जिवाणूजन्य मरीचा संशय घ्यावा. त्याची परीक्षा घरात होते. खोडाचा बुडाकडचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापावा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात त्याचे टोक न हलवता बुडवून धरावे. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूच. त्यावर खात्रीचे औषध नाही. झाड मुळासकट आणि मातीसकट काढावे, आणि त्या कुंडीत पुन्हा मिरची-वांगी न लावता मेथी किंवा कोथिंबीर लावावी.

रोप धरून ओढताच अलगद हातात आले आणि मुळे खाल्लेली दिसली, तर माती उपसून पाहावी. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची हुमणी तिथे सापडेल. ती बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आलेली असते. पानांच्या कडा करपल्या असतील तर नुकताच चमचाभर युरिया कोणी घातला होता, हे घरातल्यांना विचारावे. खत जास्त झाले की मातीतले क्षार मुळांना पाणी घेऊच देत नाहीत.

आता थोडे रोपवाटिकांविषयी. जिल्ह्यातला टोमॅटो उत्पादक ट्रेमधली रोपे उचलण्यापूर्वी आठवडाभर त्यांचे पाणी कमी करून त्यांना उन्हाची सवय झाली आहे का, हे पाहतो, कारण शेडनेटच्या सावलीत वाढलेले कोवळे रोप उघड्यावर नेले की कोमेजतेच. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसते आणि रस्त्याकडेचा विक्रेताही त्याला सांगत नाही. गेल्या वर्षी मी आणलेली वांग्याची रोपे सकाळीच शेडनेटखालून निघाली होती, हे मला ती माना टाकून बसल्यावर चौकशीत कळले. रोपांसोबत पेरणीची तारीख आणि रोपे किती दिवस उन्हात ठेवली आहेत, एवढ्या दोन ओळींची चिठ्ठी देणे कोणाही विक्रेत्याला जड नाही, आणि गिऱ्हाइकानेही ती मागितली पाहिजे. चिठ्ठी नसेल तर रोपे संध्याकाळी लावून तीन-चार दिवस सावलीत ठेवावीत आणि मग हळूहळू उन्हाला आणावीत.

आपल्या दैनिकाने पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून एक छोटा चौकट-मजकूर रोपांच्या या तक्रारींसाठी राखून ठेवावा आणि त्यातले प्रश्न कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत, अशी नम्र सूचना आहे. प्रश्न पाठवणाऱ्याने मात्र पाण्याची वेळ, कुंडीला छिद्र आहे की नाही आणि सकाळी सातला रोप कसे दिसते, या तीन गोष्टी लिहायलाच हव्यात, अशी अट घालावी.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक