शुल्क माफी ऐन हंगामात का?

महोदय,

केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, मग ती सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आमचा कापूस घरी येण्याचा हंगाम, आणि त्याच वेळी बाहेरच्या स्वस्त कापसाला दार उघडं! माझं खेड्यात किराणा दुकान आहे. तेल-साखरेची उधारी इथे कापूस विकल्यावरच फिटते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भावात कपात, 12 च्या वर गेला की खरेदीच नाही. वेचाईचे पैसे मजुरांना आठवड्याच्या बाजाराआधी द्यावेच लागतात, म्हणून कास्तकार दारावर आलेल्या व्यापाऱ्याला पडेल भावात माल देतो. शुल्क माफ करायचंच होतं, तर आधी खरेदी केंद्रांवर खर्च करून ती दसऱ्यापूर्वी सुरू करायला हवी होती.

– एक किराणा दुकानदार, ता. राळेगाव, जि. यवतमाळ