मूळ कागद कोल्हापुरात, त्यावरचा लेख कुलपाआड

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. हे शब्द आपल्या कानावर रोज पडत असतील, म्हणून मानधनाविषयी आज काही लिहीत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एप्रिलअखेर नेमणूक संपते आणि तिच्याबरोबर ऑनलाइन संशोधनपत्रिकांचे माझे लॉगिनही संपते. शिकवणाऱ्या माणसाला निवांत वाचायला, लिहायला मिळतात ते उन्हाळ्याचेच दोन-अडीच महिने, आणि नेमके तेव्हा दार बंद होते. गेली चार वर्षे मी मार्चमध्येच हवे ते लेख उतरवून पेन ड्राइव्हवर साठवते, घरात उन्हाळ्याची बेगमी करतात तसे. पण वाचता वाचता एका लेखाच्या तळटिपेत दुसऱ्या लेखाचा पत्ता लागतो, आणि तो काही मार्चमध्ये ठाऊक नसतो.

यंदा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. एम.ए. होऊन वर्ष झालेले, पीएच.डी.ला अजून प्रवेश नाही, सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करतो. विषय त्याने स्वतःच निवडलाय: राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, ज्याने करवीर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यासाठी तो मोडी शिकला. पुराभिलेखागारात जाऊन रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडी गाठोडी, सोडतो, कागद उतरवून घेतो. तिथे त्याला कोणी अडवत नाही.

याच विषयावर, म्हणजे महाराज आणि 1902 ते 1910 या काळातली ब्राह्मणेतर चळवळ यावर, 1973 साली केंब्रिजच्या 'मॉडर्न एशियन स्टडीज' या नियतकालिकात एक लेख आला होता. पन्नासहून अधिक वर्षे झाली. पुढचे अभ्यासक त्याचा हवाला देतात, त्याच्याशी वादही घालतात. या मुलाला तो वाचायचा होता. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर लेखाचा पहिला भाग आणि खाली किंमत. अशा एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलरही मोजावे लागतात. "मॅडम, मूळ कागद मला फुकट बघायला मिळाला, मग हा का नाही?" असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही, म्हणून तो प्रश्न आपल्यापर्यंत पोचवते आहे.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: सरकारने एकत्र वर्गणी भरायची आणि शासकीय संस्थांना संशोधनपत्रिका ऑनलाइन वाचायला द्यायच्या. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक शासकीय संस्था आणि सुमारे 1.8 कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. पूर्वी जी नियतकालिके फक्त दिल्ली-मुंबईच्या श्रीमंत संस्थांत दिसत, ती आता लहान शासकीय महाविद्यालयातही उघडतात. केंब्रिजची नियतकालिकेही त्यात आहेत. म्हणजे या मुलाला हवा तो लेख आपल्या देशाने विकत घेतलेला आहे. त्याचे नाव यंदा कुठल्या हजेरीपटावर नाही, एवढेच त्याच्या आड येते.

6,000 कोटींना तीन वर्षांनी आणि मग 1.8 कोटी माणसांनी भागले, तर माणशी वर्षाला साधारण 1,100 रुपये पडतात. जनतेचे पैसे आहेत आणि चांगल्या कामी लागले आहेत. पण मानव्यविद्यांचा अभ्यास करणारी माणसे हजेरीपटाच्या आत कमी आणि बाहेर जास्त असतात, याचा विचार त्यात झालेला नाही. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तिथे संशोधक संस्थेतच असणार. इतिहासाचे, लोकसाहित्याचे, बोलींचे, शिलालेखांचे काम आपल्याकडे निवृत्त मास्तर करतात, वकील करतात, गावातला एखादा पोस्टमन करतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातली मुले करतात, आणि त्यांचे महाविद्यालय या यादीत बसत नाही. आमच्यासारखे तासिकावाले तर वर्षातून काही महिने आत आणि काही महिने बाहेर.

पळवाटा होत्या. आता त्याही उरल्या नाहीत. प्रकाशकांच्या परवानगीशिवाय संशोधनलेख फुकट देणाऱ्या सायहब या संकेतस्थळाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. मुलांनी चोरवाटेने वाचावे असे मला शिक्षिका म्हणून कधीच वाटले नाही. पण राजमार्ग बांधून देणे हे कोणाचे तरी काम आहेच.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची 'ॲनल्स' ही पत्रिका, डेक्कन कॉलेजचे बुलेटिन, भारतीय इतिहास परिषदेची इतिवृत्ते, या सगळ्यांचे जुने अंक आज ऑनलाइन वाचायचे तर जेस्टोर या अमेरिकी संग्रहात जावे लागते. त्यांनी ते नीट जपले, शोधता येतील असे केले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. स्वतःच्या नावाने नोंदणी केली तर तिथले बरेच लेख, महिन्याला 100 पर्यंत, पडद्यावर फुकट वाचता येतात. हे मी मुलांना आवर्जून सांगते. पण सगळी नियतकालिके त्या सवलतीत नसतात आणि लेख उतरवून घेता येत नाही. ज्याच्या वाडीत संध्याकाळी नेटवर्क जाते, त्याला पडद्यावरच्या लेखाचा काय उपयोग?

आणि ज्यांना अमेरिकेनेही घेतले नाही, त्यांचे काय? मराठीतली संशोधनपर नियतकालिके, त्रैमासिके, महाविद्यालयांचे आणि मंडळांचे अंक. आमच्या विषयाचे अर्धे ज्ञान त्यांत आहे. काहींचे स्कॅन कुठेतरी सापडतात, पण ते नुसते पानांचे फोटो, त्यांत शब्द शोधता येत नाही. गेल्या तीस वर्षांतले अंक तर संगणकावरच जुळवलेले आहेत, पण युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या फॉन्टांत आहेत. त्यामुळे त्यांत असलेले नाव शोधयंत्राला दिसतच नाही. मागे एका अंकातल्या आठ पानांसाठी मी रात्रीच्या एसटीने पुण्याला गेले. सकाळी कपाट उघडून घेतले, मोबाइलवर फोटो काढले आणि दुपारच्या गाडीने परत आले. जाऊन आल्याचे दुःख नाही. पण ज्याच्या खिशात एसटीचे भाडे नाही, त्याने तो विषयच सोडला असेल.

कोल्हापूरला हे नवे नाही. डॉ. आ. ने. उपाध्ये 1930 पासून राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत आणि प्राकृत व जैन साहित्यावरचे त्यांचे काम जगभरच्या विद्वानांच्या टेबलावर असे. त्याच महाविद्यालयातले प्रा. कुंदणगार शिलालेखांमागे गावोगाव हिंडले. इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. शाळेची मुले रांगेने येऊन ती बघतात. तिच्यावर परदेशात काय काय लिहिले गेले, हे त्या मुलांच्या शिक्षकांनाही वाचता यायला हवे.

आता मागणी. विद्यापीठे आणि महाविद्यालये आपल्या खात्याकडे आहेत, आणि ग्रंथालय संचालनालयही आपल्याच खात्याकडे आहे. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहिते आहे. योजनेचा सध्याचा करार 2027 अखेर संपतो. पुढच्या कराराची बोलणी त्याआधी होणार. जगभर अशा करारांत ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकांसाठी तरतूद ठेवतात. महाराष्ट्राने ती लेखी मागावी: जिल्ह्यातल्या ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत दोन-तीन संगणक, ओळखपत्र दाखवून बसा, वाचा, मोजकी पाने छापून घ्या. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या गावाला वाचायला देत आले आहे. सुरुवात तिथून करता येईल. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये उभी राहिली, तालुक्याच्या ठिकाणी पुढच्या वर्षी जाता येईल.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे लॉगिन नेमणुकीच्या तारखेला बांधू नये, एवढे तर एका परिपत्रकाने होईल. नेमणूक संपल्यावर निदान वर्षभर ते चालू राहू द्यावे.

मराठी नियतकालिकांसाठी वेगळी रक्कम ठेवा. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने जे काही होईल त्यात हे काम वरच्या ओळीत असावे. वाईत घडलेला मराठी विश्वकोश शासनाने सर्वांसाठी ऑनलाइन खुला केला आहे. शासनाचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संशोधनपत्रिकेने जुने अंक युनिकोडमध्ये, शोधता येतील असे, विनामूल्य ठेवावेत अशी अट घाला, पण अटीसोबत पैसेही द्या. यातल्या बहुतेक पत्रिका दोन-तीन माणसे पदरमोड करून चालवतात. नुसती अट घातली तर त्या बंद पडतील.

माझे लॉगिन नेमणूक झाली तर जुलैत पुन्हा सुरू होईल. तेव्हा त्या मुलाला माझ्याशेजारी बसवून तो 1973 चा लेख दाखवीन. तोवर त्याने मोडी कागदांची आणखी एक वही भरलेली असेल.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक शिक्षिका,
कोल्हापूर