आगमनकाळाचे चक्र घरोघरी करण्याबाबत

सर्व सभासदांना जय ख्रिस्त.

30 नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला. तो ऐन कापूस वेचणीत येतो, म्हणून चक्र, म्हणजे चार मेणबत्त्यांचे हिरव्या डहाळ्यांचे कडे, आदल्या शनिवारीच बांधून ठेवा.

बांबूची ओली कमची हातभर रुंद गोल वाकवून सुतळीने बांधा. वाळकी कमची तडकते. तीच असेल तर रात्रभर भिजवा. वरून कडुनिंबाचे हिरवे डहाळे गुंडाळा आणि सुकू लागताच बदला. पऱ्हाटी आणि कापूस सजावटीला अजिबात नको. या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो, एक ठिणगी पुरते. चक्र परातीत ओल्या वाळूवरच ठेवा, कापसाच्या खोलीत नव्हे.

तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. दर रविवारी एक वाढवायची. रंगीत मिळाल्या नाहीत तर पणत्या लावा, काही बिघडत नाही.

संध्याकाळी दिवा लावून दोन मिनिटे शांत बसा, मग बायबलमधील यशया 9:2-7 मोठ्याने वाचा. नंतर प्रत्येकाने दिवसातल्या एकाच कामाचे नाव घेऊन आभार मानावेत. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हटले की मन कुठेच टेकत नाही; ‘आज कापसाने भरलेल्या दोन ओट्यांसाठी’ म्हटले की टेकते.

दर आठवड्याला घरटी एक ओवी रचा, आपल्याच वऱ्हाडी-झाडीबोलीत. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. मुलांनाही रचू द्या, त्यांच्या ओळी सुधारत बसू नका. वही चौथ्या रविवारी आणा. ओव्या गव्हाणीपाशी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापाशी, म्हणायच्या आहेत.