बफरचे गणित आधी मोलमध्ये मांडा

संपादक महोदय,

बारावीच्या रसायनशास्त्रात बफर द्रावणाचा, म्हणजे थोडे आम्ल किंवा आम्लारी घातले तरी आम्लता फारशी न बदलणाऱ्या द्रावणाचा, पीएच (आम्लतेचे माप) काढायला एकच सूत्र असते: पीएच = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल). पीकेए म्हणजे आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, आणि क्षार म्हणजे त्या आम्लापासून झालेले लवण. मुलांना सूत्र पाठ असते आणि लॉगही जमतो. गडबड होते ती कंसात काय भरायचे यावर. शिकवण्याचा क्रम उलटा (आधी सूत्र, मग मोल) असल्याने ती होते, असे आम्हा शिक्षकांना वाटते.

नेहमीचे उदाहरण घ्या. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल ५० मिली, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली. पीएच किती? आम्ल ५ मिलिमोल, आम्लारी २ मिलिमोल (मोल हे कणांच्या संख्येचे माप), इथवर सगळे बरोबर काढतात. मग पुष्कळ जण ॲसेटिक आम्लाचा पीकेए घेऊन ४.७६ + लॉग (२ ÷ ५) लिहून ४.३६ उत्तर देतात. पण ते २ मिलिमोल हायड्रॉक्साइड २ मिलिमोल आम्ल संपवूनच क्षार तयार करते. आम्ल उरले ३, क्षार झाला २, म्हणून उत्तर ४.५८. अभिक्रियेपूर्वी किती, बदल किती, नंतर किती अशा तीन ओळींचा तक्ता आधी मांडला तर ही चूक होऊच शकत नाही. एकूण ७० मिलीने भागण्याचीही गरज नाही, कारण आम्ल आणि क्षार एकाच द्रावणात आहेत आणि आकारमान वर-खाली कटते. याच आम्लात ५० मिली सोडियम हायड्रॉक्साइड घातले तर आम्ल शून्य होते. तिथे हे सूत्र वापरायचेच नसते, तो क्षाराच्या जलअपघटनाचा प्रश्न झाला आणि पीएच ८.७३ येतो. सूत्र कुठे थांबते हे तक्त्यातला शून्यच सांगतो.

बफरमध्ये तीव्र आम्ल घालण्याच्या प्रश्नातही हेच. एक लिटर बफरमध्ये ०.०६३५ मोल ॲसिटेट आणि ०.०३६५ मोल ॲसेटिक आम्ल असेल तर पीएच ५.००. त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घातले की ॲसिटेट ०.०१ मोलने घटते, ॲसेटिक आम्ल तेवढेच वाढते आणि पीएच ४.८२ होतो. तेच १० मिली लिटरभर शुद्ध पाण्यात घातले तर पीएच २ वर येतो. बेरीज-वजाबाकीची अदलाबदल झाली की उत्तर ५.२० निघते. आम्ल घातल्यावर पीएच वाढला, हे पाहून थबकण्याची सवय लावली पाहिजे. पर्यायी प्रश्नांत ५.२० हा पर्याय असला की ती सवय जातेच.

कागदावरचे गणित बरोबर असूनही प्रयोगशाळेत बफर चुकतो, त्याचे सर्वांत मोठे कारण बाटलीवरचे लेबल न वाचणे. वरच्या बफरसाठी निर्जल सोडियम ॲसिटेट ५.२१ ग्रॅम लागते. पण शाळा-महाविद्यालयांत बहुधा तीन पाण्याचे रेणू असलेले स्फटिक असतात. त्यांचा रेणुभार ८२ नसून १३६ आहे, म्हणून वजन ८.६४ ग्रॅम घ्यावे लागते. स्फटिकच ५.२१ ग्रॅम घेतले तर क्षार ०.०३८ मोलच पडतो आणि पीएच ४.७८ येतो. मग पीएच मीटरला दोष दिला जातो. ग्लेशियल (जवळपास शुद्ध) ॲसेटिक आम्ल सुमारे २.१ मिली लागते, ते साधारण ८०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात घालून, पीएच पाहून, मग फ्लास्कमध्ये लिटर पूर्ण करावे. डायसोडियम फॉस्फेटचा घोळ तर याहून मोठा: निर्जल १४२, दोन रेणूंचे १७८, बारा रेणूंचे ३५८.

आता पुस्तक जे सांगत नाही ते. पीएच मीटर जुळवण्यासाठी जगभर वापरले जाणारे एक प्रमाण द्रावण असे बनते: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.३९ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट ३.५३ ग्रॅम, लिटरभर पाण्यात. दोन्ही जवळपास ०.०२५ मोल, म्हणजे गुणोत्तर १, लॉग शून्य. पीकेए ७.२०, तर पीएच ७.२० यायला हवा. प्रत्यक्षात २५ अंश सेल्सिअसला तो ६.८६ आहे. फरक ०.३४ चा, आणि तोही प्रमाण द्रावणात! कारण सूत्रात खरे तर संहती (द्रावणात पदार्थ किती आहे) नव्हे, सक्रियता (त्यातला प्रत्यक्ष परिणाम करणारा भाग) भरायची असते. दोन ऋण प्रभार असलेल्या फॉस्फेट आयनाभोवती सोडियम-पोटॅशियमचे धन आयन गोळा होतात, त्यामुळे त्याची सक्रियता एक प्रभार असलेल्या आयनापेक्षा कितीतरी जास्त घटते. म्हणूनच हे द्रावण दुप्पट पातळ केले की पीएच सुमारे ०.०८ ने वाढतो. ‘विरल केल्याने बफरचा पीएच बदलत नाही’ हे वाक्य परीक्षेपुरते चालेल, पण त्याच्या जोडीला ही ओळ हवी. ॲसिटेटमध्ये हा फरक बराच कमी असतो, म्हणून सुरुवात ॲसिटेटपासून करावी.

तापमानाचे एकच सांगतो. जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांतला ट्रिस बफर २५ अंशांना ८.० ला जुळवून ४ अंशांच्या शीतकपाटात ठेवला तर तो ८.६ च्या आसपास जातो. फॉस्फेटवर तापमानाचा परिणाम याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच.

पाण्याचा कठीणपणा काढण्याच्या प्रात्यक्षिकात पीएच १० चा अमोनिया बफर लागतो: अमोनियम क्लोराइड १७.५ ग्रॅम, संहत अमोनिया १४२ मिली, पाण्याने २५० मिली. इथे मुले पीकेबी (आम्लारीच्या तीव्रतेचा आकडा) ४.७५ वापरून ३.९४ काढतात आणि तोच पीएच म्हणून लिहितात. तो पीओएच, म्हणजे हायड्रॉक्साइडचे माप, आहे. १४ मधून वजा केला की १०.०६ मिळतो. आणि गणित बरोबर असूनही इरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा रंग लालसर जांभळ्यावरून स्वच्छ निळा होत नसेल, तर अमोनियाची बाटली आधी तपासावी. बूच सैल राहून निम्मा वायू उडाला असेल तर पीएच ९.७६ पर्यंत उतरतो आणि अंतिम बिंदू पुसट होतो. ही बाटली दरवर्षी तीच, अर्धी रिकामी, पुढच्या तुकडीसाठी ठेवणे थांबवावे.

शिक्षण मंडळाकडे मागणी साधी आहे. बफरच्या प्रश्नात मोलच्या तक्त्याला स्वतंत्र गुण द्यावेत, नुसत्या अंतिम आकड्याला नव्हे. प्रात्यक्षिकांत एक बफर गणित करून बनवायला आणि मोजायला लावावे. काढलेला पीएच आणि मोजलेला पीएच दोन्ही वहीत लिहून फरकाचे कारण विचारावे, जुळलेच पाहिजे असा आग्रह नको. खर्च फार नाही. ४.०, ७.० आणि ९.२ च्या बफर गोळ्या प्रत्येकी १०० मिली पाण्यात विरघळवल्या की मीटर जुळवता येतो. ॲसिटेट बफर मोजायचा असेल तर ४ आणि ७ पुरेत. काळ्या जमिनीच्या मातीचा सामू (म्हणजे पीएचच) तपासायचा असेल तर ७ आणि ९.२ हवेत, कारण तो बहुधा ७ च्या वरच असतो. ९.२ चे द्रावण मात्र उघडे ठेवू नये, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते उतरते.

— रसायनशास्त्राचे काही शिक्षक, सांगली